सहा इंजेक्शनं आणि मेणाचा ठोकळा

हे प्रकरण शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. ही कुणा एका रुग्णाची फाईल नाही, म्हणून नाव नाही आणि गावही मोघम ठेवलंय. पण ॲक्रोमेगलीच्या (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीतून वाढीचं संप्रेरक जादा सुटतं आणि हात, पाय, जबडा वाढत जातात, तो आजार) ओपीडीत बसणाऱ्या कुणालाही यातला कागद न् कागद ओळखीचा वाटेल.

बाई ३४ वर्षांची. सोलापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, घरी शिलाई मशीन, नवरा साखर कारखान्यात हंगामी कामगार. आजार सगळ्यात आधी कासाराच्या लक्षात आला म्हणायला हरकत नाही. लग्नात तिला दोन-चारच्या बांगड्या बसत. चार वर्षांत दोन-सहा लागायला लागल्या, मग दोन-आठ. "अंग धरलंय तुम्ही," कासार म्हणाला. वजन तर तेवढंच होतं. जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली. एक दिवस शिवणाची कात्री अंगठ्यात जाईना, तेव्हा तिनं मोठ्या मुठीची कात्री आणली आणि कामाला लागली.

दरम्यान प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर मिळत गेला. पाळी चुकते म्हणून हार्मोनच्या गोळ्या, डोकं दुखतं म्हणून चष्मा, साखर निघाली म्हणून मेटफॉर्मिन. घोरणं आणि घाम यांची तक्रार तिनं केलीच नाही. ती सासूबाईंनी केली. शेवटी दातांच्या डॉक्टरांनी खालचा जबडा पुढे आलेला आणि दातांत पडलेल्या फटी पाहिल्या आणि लग्नाचा अल्बम घेऊन यायला सांगितलं. या आजारात अल्बमइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. सुरुवात आणि निदान यांच्यात पाच-दहा वर्षं जाणं इथे नेहमीचंच. माणूस रोज आरशात पाहतो, म्हणून त्याला बदल दिसत नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. आयजीएफ-१, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या हुकमानं मुख्यतः यकृतात बनणारं रसायन, तिच्या वयाला चालणाऱ्या वरच्या मर्यादेच्या ३.१ पट. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजल्यावर निरोगी माणसात वाढीचं संप्रेरक मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली उतरायला हवं. हिचं १४ च्या खाली गेलंच नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.४ टक्के. एमआरआयवर पिट्युटरीत २४ मिलिमीटरची गाठ, डावीकडे कॅव्हर्नस सायनस या बाजूच्या मोठ्या शिरेत शिरलेली. नाकातून दुर्बिणीनं शस्त्रक्रिया झाली. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत चांगल्या हातून दहातले आठ-नऊ रुग्ण शस्त्रक्रियेनंच बरे होतात; मोठ्या गाठीत साधारण निम्मे. बाजूच्या शिरेत घुसलेल्या गाठीबद्दल शल्यचिकित्सकानं आधीच सांगितलं होतं की थोडी राहील. ती राहिली. तीन महिन्यांनी आयजीएफ-१ १.९ पट, आणि मोठ्या धमनीला चिकटून ९ मिलिमीटरचा तुकडा.

मग महिन्यातून एकदा टोचायचं ऑक्ट्रिओटाइड सुरू झालं. पहिली तीन इंजेक्शनं २० मिलिग्रॅमची, पुढची तीन ३० ची. एका इंजेक्शनची किंमत नवऱ्याच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. पैसे उभे राहिले ते तिच्या माहेरच्या सोन्याच्या पाटल्या मोडून. तशाही त्या हातात जात नव्हत्या, असं तिनं सांगितलं, आणि हे सांगताना ती हसली. सहाव्या इंजेक्शननंतर आयजीएफ-१ १.७ पट.

या टप्प्यावर ती आमच्याकडे आली. नवऱ्याचा प्रश्न एकच होता. "साहेब, हे औषध हिला लागू पडणार नाही, हे आधी कळलं असतं का?"

प्रश्न साधा आहे आणि उत्तर देणं आम्हाला अवघड जातं, कारण खरं उत्तर आहे: बऱ्यापैकी, हो.

पण गाठीवर ठपका ठेवण्याआधी सुईकडे बघायचं असतं. हे औषध सूक्ष्म गोळ्यांच्या पावडरीच्या रूपात येतं. फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, सोबतच्या द्रवात नीट मिसळू द्यायचं, मिसळलं की लगेच, खोल, कुल्ल्याच्या स्नायूत टोचायचं. घाई केली तर सुई तुंबते आणि निम्मं औषध कुपीतच राहतं. चरबीत टोचलं गेलं तर परिणाम वेगळा. तालुक्याच्या दवाखान्यात वर्षातून एखाद्यालाच हे इंजेक्शन दिलं जातं, तेव्हा सिस्टरना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही सातवं इंजेक्शन समोर बसवून दिलं आणि आयजीएफ-१ पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी पाहिलं. तेही १.७. पाळीच्या गोळ्याही तपासल्या: तोंडानं घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून येणारं आयजीएफ-१ खाली ओढतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो. त्या तिनं शस्त्रक्रियेआधीच सोडल्या होत्या. थोडक्यात, औषध नीट पोचत होतं आणि आकडाही खरा होता. काम होत नव्हतं ते गाठीकडून.

ऑक्ट्रिओटाइड काय करतं, ते आधी पाहू. १९७३ मध्ये रॉजर गियमँ यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून सोमॅटोस्टॅटिन वेगळं केलं गेलं. वाढीच्या संप्रेरकाला लगाम घालणारं हे शरीराचं स्वतःचं रसायन. रक्तात ते दोन-तीन मिनिटंच टिकतं, म्हणून त्याचं टिकाऊ रूप ऐंशीच्या दशकात बनवलं गेलं: ऑक्ट्रिओटाइड, आणि पुढे लॅनरिओटाइड. दोन्ही मुख्यतः पेशीवरच्या एसएसटी-२ नावाच्या कडीला धरतात. कडी भरपूर असेल तर गाठ ऐकते. कडीच नसेल तर मात्रा कितीही वाढवा, कुणाला धरणार?

सुरुवातीच्या अहवालांत या औषधांचं यश डोळ्यात भरण्याजोगं होतं, पण त्यात बरेचदा औषधाला आधीच दाद दिलेले रुग्ण निवडून घेतलेले असत. २०१४ मध्ये छापलेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी कुठलंच औषध न घेतलेल्या रुग्णांवर, वर्षभरात ऑक्ट्रिओटाइडनं पूर्ण नियंत्रण मिळालं ते १९.२ टक्क्यांना, त्याच चाचणीत पॅसिरिओटाइड या त्याच कुळातल्या नव्या औषधानं ३१.३ टक्क्यांना. म्हणजे कुणाला लागू पडेल हे न बघता सगळ्यांना सुई टोचली, तर बहुतेकांचं पहिलं अर्ध वर्ष वाट बघण्यातच जातं. पैसे सरकार किंवा विमा भरतो त्या देशात हे अर्ध वर्ष फक्त वेळ खातं. इथे त्यात पाटल्या जातात.

आम्ही दोन गोष्टी मागवल्या. शस्त्रक्रियेआधीच्या एमआरआयची सीडी आणि गाठीचा मेणातला ठोकळा.

सीडी तिच्याकडेच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, साडीच्या घडीत. सोबतचा अहवाल दीड पानाचा आणि व्यवस्थित होता: गाठीची तीन मापं, डोळ्यांच्या नसेपासूनचं अंतर, धमनीला किती वेढा. पण एमआरआयच्या टी-टू नावाच्या प्रतिमेत गाठ कशी दिसते, यावर एक शब्द नव्हता. कुणी विचारलंच नव्हतं, तर रेडिऑलॉजिस्ट कशाला लिहील?

टी-टू प्रतिमेत पाणी पांढरं दिसतं. गाठीची छटा कानशिलाजवळच्या मेंदूच्या करड्या भागाशी ताडून बघायची: त्याहून काळी, तेवढीच, की पांढरी. काळपट गाठी सहसा लहान असतात, बाजूला कमी घुसतात आणि ऑक्ट्रिओटाइडला चांगली दाद देतात. पांढरट गाठी मोठ्या, घुसखोर आणि हट्टी. युरोपातल्या अनेक केंद्रांनी २०१५ च्या सुमारास शेकडो रुग्णांवर हे पाहिलं, आणि त्यात साधारण निम्म्या गाठी काळपट निघाल्या. फिल्म शस्त्रक्रियेआधीची हवी. नंतर उरलेल्या तुकड्याभोवती व्रण आणि भरलेली चरबी यांची सरमिसळ होते. गाठीत पाण्याची पिशवी किंवा जुना रक्तस्राव असेल तर तो भाग सोडून बघायचं. आमच्या रेडिऑलॉजिस्टनं माउस फिरवला, दोन ठिकाणी वर्तुळं काढली, आकडे ताडले. गाठ पांढरट होती. पाच मिनिटांचं काम, तेही आधीच पैसे भरलेल्या तपासणीवर.

ठोकळ्यासाठी नवऱ्याला चिठ्ठी देऊन शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात पाठवलं. पुष्कळ लोकांना माहीत नसतं की शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि रुग्णाच्या अर्जावर तो मिळतो. तो एसटीनं आला, हातरुमालात गुंडाळलेला. मूळ अहवालात एकच ओळ होती: पिट्युटरी ॲडिनोमा, वाढीच्या संप्रेरकासाठी रंग सकारात्मक. चूक काहीच नाही. पण ही ओळ निदान सांगते. पुढे काय करायचं, ते सांगत नाही.

वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली दोन जातीच्या दिसतात. एकीच्या पेशी संप्रेरकाच्या दाण्यांनी ठासून भरलेल्या; या दाट दाण्यांच्या. दुसरीत दाणे विरळ आणि पेशीच्या केंद्रकाशेजारी केरॅटिन या प्रथिनाची गुंडाळी होऊन बसलेली. 'कॅम ५.२' नावाचा रंग लावला की दाट दाण्यांच्या पेशीत केंद्रकाभोवती पसरट कडं दिसतं आणि विरळ पेशीत टिकलीसारखा एकच ठिपका. असा ठिपका ७० टक्क्यांहून जास्त पेशींत असला, तर गाठ विरळ जातीची. हिच्यात तो जवळजवळ सगळीकडे होता. दाट दाण्यांच्या गाठी ऑक्ट्रिओटाइडचं ऐकतात, विरळ दाण्यांच्या क्वचित. विरळ जात तरुण वयात जास्त, आणि गाठ सहसा मोठी. आमच्या बाईचं सगळं याच बाजूला झुकत होतं.

मग एसएसटी-२ चा रंग. तुरळक पेशींत फिकट, बाकी कोरं. एसएसटी-५ ही त्याच कुळातली दुसरी कडी मात्र बऱ्यापैकी. वाढीचा वेग दाखवणारं केआय-६७ दोन टक्के, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही.

तर सहा इंजेक्शनांचं उत्तर सीडीत आणि ठोकळ्यात आधीपासून लिहिलेलं होतं.

या खुणांपैकी कशावर किती भर द्यायचा, हे माझं मत आहे. दुसऱ्या डॉक्टरचं वेगळं असू शकतं. दाण्यांची जात आणि एसएसटी-२ एकत्र वाचले तर ते सगळ्यात वजनदार. टी-टू त्याखालोखाल, पण तो शस्त्रक्रियेआधीच हाती असतो आणि फुकट असतो, म्हणून प्रत्यक्षात तोच पहिला. वय, स्त्री की पुरुष आणि सुरुवातीचे आकडे यांतून दिशा कळते, निकाल नाही: वयानं मोठे, स्त्रिया आणि मुळात आकडे कमी असलेले यांना औषध जास्त मानवतं. म्हणजे 'स्त्री' ही खूण हिच्या बाजूनं होती आणि तरी उपयोग झाला नाही. १०० मायक्रोग्रॅम ऑक्ट्रिओटाइड एकदा टोचून पुढचे काही तास संप्रेरक किती उतरतं हे बघायची जुनी चाचणी आहे. काही केंद्रं ती मानतात, काही नाही. एकट्या तिच्यावर मी निर्णय घेणार नाही.

तरुणपणी सुरू झालेल्या मोठ्या गाठीत एआयपी जनुकाचाही विचार करायचा. १७८३ मध्ये वारलेल्या चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय माणसाच्या दातांतून २०११ मध्ये याच जनुकाचा बिघाड सापडला. अशा गाठीही ऑक्ट्रिओटाइडला सहसा दाद देत नाहीत. अल्बमनुसार हिचा आजार २७ च्या आसपास सुरू झालेला दिसतो. वय मोजायचं ते लक्षणांपासून, निदानापासून नाही. घराण्यात कुणाला असं काही नव्हतं आणि चाचणीत बिघाड निघाला नाही.

खुणा बघून औषध निवडलं तर खरंच फरक पडतो का? स्पेनमध्ये अनेक रुग्णालयांनी मिळून ही तुलना केली आणि ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीच्या पायरी-पायरीच्या पद्धतीनं औषध, दुसऱ्याला खुणा बघून: वर सांगितलेली एका टोचणीची चाचणी, टी-टूची छटा आणि ठोकळ्यातलं ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रथिन). नेहमीच्या गटात ५३ टक्क्यांना नियंत्रण मिळालं, खुणा बघितलेल्या गटात ७८ टक्क्यांना. मात्र तिथे गाठ ऐकणार नाही असं दिसलं की पेगव्हिसोमंट हाताशी होतं: गाठीला नव्हे, तर सबंध शरीरात संप्रेरकाचा दरवाजाच अडवणारं, रोज टोचायचं औषध. आमच्या बाईच्या घरखर्चात ते बसणं शक्य नव्हतं. पुढची वाटच बंद असेल तर अंदाज बरोबर येऊनही तसाच पडून राहतो, ही आपल्याकडची गोष्ट स्पेनच्या आकड्यांत दिसत नाही.

संगणकाकडून अंदाज करून घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. ब्राझीलमधल्या एका गटानं २०२१ मध्ये वय, लिंग, दोन्ही संप्रेरकांचे आकडे, एसएसटी-२, एसएसटी-५ आणि दाण्यांची जात एवढं भरून यंत्राला शिकवलं. काम चांगलं आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या फायलींत या सातांपैकी शेवटचे तीन रकाने कोरेच असतात. कोऱ्या रकान्यांवर यंत्र काय शिकणार?

असो. बाईकडे परत येऊ. पर्याय मोजके होते. पुन्हा शस्त्रक्रिया: तुकडा धमनीच्या पलीकडे, शल्यचिकित्सकानं नाही म्हटलं. पॅसिरिओटाइड: एसएसटी-५ ला धरणारं, म्हणून हिच्या ठोकळ्याशी कागदावर जुळणारं. पण ऑक्ट्रिओटाइडला न जुमानणाऱ्या रुग्णांवरच्या चाचणीत त्यानं पूर्ण नियंत्रण मिळालं ते मात्रेनुसार १५ ते २० टक्क्यांना, आणि ते इन्सुलिन दाबून साखर वाढवतं. जिची साखर आधीच ७.४, तिला हे द्यायचं तर एक आजार उतरवून दुसरा चढवायचा. किरणोपचार: गामा नाइफ या तुकड्याला योग्य, पण गुण यायला वर्षं लागतात आणि तोवर काहीतरी औषध लागतंच.

राहिली कॅबरगोलिन. पिट्युटरीच्या दुसऱ्याच गाठीसाठी सर्रास दिली जाणारी, त्या मानानं फारच स्वस्त गोळी. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत, ऑक्ट्रिओटाइडसारखं औषध पुरेसं न पडलेल्या रुग्णांना ही गोळी जोडल्यावर ५२ टक्क्यांचं आयजीएफ-१ सामान्य झालं, आणि मुळात आकडा थोडाच वर असेल तर शक्यता जास्त. १.७ पट म्हणजे अगदी तोच पट्टा. हृदयाच्या झडपांची इको करून घेतली, अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, हळूहळू आठवड्याला २ मिलिग्रॅमपर्यंत नेली. पहिले पंधरा दिवस मळमळ. रात्री जेवणानंतर घ्यायला लागल्यावर गेली. सहा महिन्यांनी आयजीएफ-१ १.२ पट.

इथे मी एक हिशोब केला आणि त्यात चुकलो. काम गोळी करतेय, मग महागडं इंजेक्शन थांबवून बघू, असं ठरवलं. घरच्यांना तर हवंच होतं. तीन महिन्यांनी आकडा १.४. म्हणजे हट्टी गाठीवरही ऑक्ट्रिओटाइड थोडंसं काम करत होतं. 'दाद देणार नाही' याचा अर्थ 'सामान्य होणार नाही' इतकाच असतो, 'शून्य परिणाम' असा नाही. वेगवेगळे अभ्यास 'दाद' शब्द वेगवेगळ्या मापानं मोजतात, कुणी आयजीएफ-१ नं, कुणी गाठीच्या आकारमानात २० टक्के घट झाली का यानं. हे मी विद्यार्थ्यांना सांगतो आणि स्वतः विसरलो होतो. तरी ०.२ साठी महिन्याचा पगार, हा सौदा मला पटत नव्हता.

पण ती आकडा बघायला आलीच नव्हती. "डॉक्टर, ती सुई परत चालू करा," ती म्हणाली. "डोकं राहत नाही. मशीनवर बसवत नाही."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. इंजेक्शन चालू होतं तेव्हा डोकेदुखी गेली होती आणि आम्ही कुणी त्याची नोंदच केली नव्हती, कारण आम्ही आयजीएफ-१ बघत होतो. ॲक्रोमेगलीच्या डोकेदुखीवर ऑक्ट्रिओटाइडचा परिणाम संप्रेरकाच्या आकड्याशी बांधलेला नसतो. कधी कधी टोचल्यावर काही मिनिटांत आराम पडतो. हे जुनं आणि माहितीतलं निरीक्षण आहे. टी-टूची छटा, दाण्यांची जात, एसएसटी-२, यातलं काहीही ते सांगत नाही. सांगते ती फक्त बाई, आणि तिला विचारावं लागतं.

तोडगा साधा निघाला. महिनाभर टिकणाऱ्या इंजेक्शनऐवजी तेच औषध साध्या, लहान कुपीत मिळतं, थोडा वेळच टिकतं आणि खूपच स्वस्त पडतं. पोटाच्या त्वचेखाली, इन्सुलिनसारखं, ती स्वतः टोचायला शिकली. डोकं चढायला लागलं की १०० मायक्रोग्रॅम. सुरुवातीला रोज, पुढे आठवड्यातून तीन-चारदा. पित्ताशयात खडे होऊ शकतात म्हणून सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅबरगोलिन चालू, आणि उरलेल्या तुकड्यावर गामा नाइफ झाली. किरणांनी पिट्युटरीची बाकीची संप्रेरकं हळूहळू कमी होऊ शकतात, म्हणून थायरॉइड आणि कॉर्टिसॉल दर सहा महिन्यांनी.

शस्त्रक्रियेला पाठवताना आमच्या चिठ्ठीवर आता चार ओळी छापलेल्या असतात: टी-टूची छटा कळवावी, दाण्यांची जात कळवावी, एसएसटी-२ करावं, केआय-६७ करावं. पॅथॉलॉजीच्या सरांनी पहिल्यांदा फोन करून विचारलं की एवढं कशाला. त्यांना पाटल्यांची गोष्ट सांगितली. आता ते स्वतःहून करतात.

फायलीतला शेवटचा आकडा १.२५ पट आहे. किरणांना तेव्हा अकरा महिने झाले होते. सूज उतरली, घोरणं कमी झालं, साखर ६.६ वर आली. कासाराकडे तिला आता दोन-सहाच्या बसतात. दोन-चारच्या बसणार नाहीत. मांस उतरतं, वाढलेलं हाड मागे येत नाही. कात्री मात्र तिनं मोठ्या मुठीचीच ठेवलीय. तिची सवय झाली, म्हणते.